तापीबाईचा जामीन

माणसाला तुरुंगात न घालता त्याचा तुरुंग कसा करावा, ते मला विचारा. मी करून पाहिलं आहे, आणि वर गावाची शाबासकीही घेतली आहे.

दलसिंग आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी होता. अक्राणीच्या डोंगरातला भिल्ल, वय वीसेक, काटक आणि अबोल. अबोल माणसं मला कधीच आवडली नाहीत. बोलणारा माणूस निदान काय विचार करतो ते कळतं. या दलसिंगने आषाढात, ऐन पेरणीत, माझ्या एकुलत्या एक रूपचंदचा उजवा हात मोडला. बैलाच्या जुवाची शिवळ उपसली आणि मनगटावर घातली. शिवळ म्हणजे हातभर लांब, चांगला टणक दांडका. प्रकाशा गावच्या हाडवैद्याने कामट्या बांधल्या, चाळीस दिवस तेल चोळलं, पण मनगट वाकडं ते वाकडंच बसलं. बोटं मिटेनात. रूपचंदला पेरणीची पाभर धरता येईना, गाय पिळता येईना, पागोटं बांधता येईना. तापीपलीकडची सोयरीक ठरत आली होती, तीही मोडली. त्या लोकांचा निरोप असा आला की मुलगा चांगला आहे, पण आमची मुलगी लहान आहे. आषाढापर्यंत हीच मुलगी लग्नाची झाली होती.

नवरा जाऊन मला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं मी चाळीस बिघे काळी जमीन भाऊबंदांपासून एकटीने राखली, डोळ्यांत तेल घालून. आणि एका सालदाराने माझ्या घराचा हातच मोडावा! मला तो फासावर हवा होता. फास नसेल तर काळं पाणी.

खटला शहाद्याच्या कोर्टात उभा राहिला तो जर्मनची दुसरी लढाई सुरू झाली त्या साली, दसऱ्यानंतर. साहेब तरुण होते, स्वच्छ पुणेरी बोलणारे, आवाज न चढवणारे. दलसिंगने काही लपवलं नाही. "मी मारं," एवढंच म्हणाला. का मारलंस असं विचारलं, तर म्हणाला, "त्यानी पयले मारं." साहेबांनी रूपचंदला विचारलं. रूपचंद म्हणाला, "मी त्याला बोटही लावलं नव्हतं." हे वाक्य मी त्याच्याकडून घरी चार दिवस घोटून घेतलं होतं.

साहेबांनी गुन्हा शाबीत धरला. मी मनातल्या मनात तापीमाईला नारळ बोलून टाकला. आणि मग साहेब म्हणाले, "आता नवा कायदा आला आहे. आरोपीचं वय कमी, गुन्हा पहिलाच. अशा माणसाला तुरुंगात टाकून सराईत चोरांच्या संगतीत बिघडवायचं नाही, असं सरकारचं धोरण आहे. गावातल्या भल्या माणसाच्या देखरेखीखाली हा एक वर्ष राहील. दर सोमवारी जामिनासह इथल्या पोलीस कचेरीत हजेरी लावील. लेखी परवानगीशिवाय गावची शीव ओलांडणार नाही. यातलं काही मोडलं तर दोन वर्षं सक्तमजुरी. जामीन कोण राहतो?"

माझ्या कानशिलात कढ आला. हात मोडणाऱ्याला तुरुंग नाही! मोडलेल्या हाताला मात्र जन्मठेप!

आमच्या गावचा पोलीस पाटील नथ्थू शेजारी बसला होता. त्याने मान खाली घातली. गावातली आणखी सात-आठ माणसं होती, त्यांना एकाएकी खोकला आला. दलसिंगच्या बाजूने डोंगरातून कुणी आलंच नव्हतं. जामीन मिळाला नाही की तो आपोआप तुरुंगात जाणार होता. मी नुसती गप्प बसले असते तरी माझं काम झालं असतं.

पण तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की तुरुंगात सरकार याला दोन वेळा भाकर देणार, आजारी पडला तर औषध देणार, आणि दोन वर्षांनी हा धडधाकट परत येणार. मला काय दिसणार त्यातलं? काहीच नाही. माझ्या हाताखाली असता तर प्रत्येक दिवस मला दिसला असता. आणि माझ्या हाताखाली हा वर्षभर टिकणार नव्हता. पळणार होता, आणि मग दोन वर्षं होतीच. आधी माझी शिक्षा, मग सरकारची.

मी उभी राहिले. "साहेब, मी राहते जामीन."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, ज्याने तुमच्या मुलाला जायबंदी केलं त्याला तुम्ही पदराखाली घेता. या कायद्याचा अर्थ आम्हांला पुस्तकातून कळला, तुम्हांला मनातून कळला आहे." मी पदर डोळ्यांना लावला. डोळे कोरडेच होते. नथ्थू पाटील बाहेर येऊन माझ्या पाया पडला. "वहिनी, तुम्ही मानूस नही, देव शेतस."

देव! देवाच्या पोटात काय असतं ते देवळाबाहेर उभं राहणाऱ्याला कसं दिसणार?

घरी आल्या आल्या मी दलसिंगला अंगणात उभा केला. म्हटलं, "जो हात तू मोडा, त्या हातनं बठ्ठं काम आते तू करशी."

आणि अक्षरशः तेच करायला लावलं. पहाटे त्याने रूपचंदचं पागोटं बांधायचं. त्याच्या धोतराचा काष्टा खोचायचा. जेवताना शेजारी बसून भाकर मोडायची, भाजीत बुडवायची, घास तोंडात द्यायचा. भिल्लाच्या हातचा घास आमच्या घरात! भाऊबंदांनी कुरकुर केली. मी म्हटलं, ज्याने मोडलं त्यानेच भरायचं, नसेल पटत तर तुमच्या बायका धाडा रोज दोन वेळा. त्यावर कुरकुर थांबली. त्याला स्वतःला जेवण मी सगळ्यांचं आवरल्यावर, उरलं तर. झोपायला गोठा. गोठ्याची झडप माझ्या बाजेसमोर होती आणि मला झोप तशीही कमीच. तो कुशीवर वळला तरी मी विचारायची, "काय शे रे?" मारलं मात्र कधीच नाही. शिवीही दिली नाही. कायद्यात बसणार नाही असं एकही काम मी केलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

सोमवारी मी गाडीत बसायची, तो गाडीमागे चालायचा. दोन कोस जायचे, दोन यायचे. गोमाई नदीच्या वाळूत चाकं रुतली की तो गाडी ढकलायचा. कचेरीत तो अंगठा उठवायचा, त्याच्याखाली मी. जमादार मला खुर्ची द्यायचा. शहाद्याच्या बाजारात हीराबाई नावाची मारवाडीण कापडाच्या दुकानात बसायची. ती मला बोलावून पाणी द्यायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "याच त्या." मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

पहिले आठ दिवस रूपचंदने तोंड उघडलं नाही. दलसिंग घास धरून बसायचा, रूपचंद भिंतीकडे बघायचा. मला दोघांचाही राग यायचा. नवव्या दिवशी भुकेपुढे रूपचंद हरला. हळूहळू सवय झाली. आणि मग पौषात एकदा मी कपाशीच्या वेचणीवरून घरी आले, तर गोठ्यातून हसण्याचा आवाज. दोघांचा! दलसिंग रूपचंदला डाव्या हाताने आणि दाताने दाव्याची गाठ मारायला शिकवत होता. गाठ सुटली, वासरू पळालं, आणि दोघे हसत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वर्षभर राग जपायचा, आणि यांनी गोठ्यात बसून हसायचं? मी दलसिंगला लगेच शेतावर पिटाळलं. पण त्या दिवसापासून रागापेक्षा मोठी गोष्ट माझ्या मनात शिरली. भीती. कारण दलसिंग कोर्टात खरं बोलला होता. रूपचंदनेच आधी मारलं होतं. बैल बसला म्हणून चिडला, आणि बैलाला टोचायची पराणी, टोकाला खिळा असलेली, ती दलसिंगच्या पाठीत तीनदा खुपसली होती. मी स्वतः बांधावरून पाहिलं होतं. ही दोघं आता रोज घासाघासाला बोलत होती. आज गाठ शिकवतो आहे, उद्या पाठ दाखवील. आणि माझा रूपचंद बापासारखा, मनाने लोण्याचा. एकदा वितळला की कोर्टात जाऊन सगळं ओकून येईल. खोट्या साक्षीलाही शिक्षा असते, हे मला वकिलाने आधीच सांगितलं होतं.

म्हणजे दलसिंग वर्ष पुरं करून सुटायला नको होता. त्याने मोडायला हवं होतं, आणि लवकर. पण तो मोडेचना. साप म्हणू नये धाकटा म्हणतात, पण हा साप चावतही नव्हता आणि पळतही नव्हता.

मग होळी जवळ आली. पौर्णिमेच्या सहा दिवस आधी, मी दारात तूर पाखडत होते, तेव्हा तो समोर येऊन उकिडवा बसला. पाच महिन्यांत त्याने स्वतःहून बोललेली ही पहिलीच गोष्ट.

"माय, होळी उनी. मन्हा नवस शे. पाच वरीस नाचनं. चार व्हयनात, हाई पाचवं. चुकनं तर बठ्ठं वाया जाई."

डोंगरातल्या लोकांचा हा नवस मला ठाऊक होता. अंगाला राख फासायची, कमरेला सुके पोकळ भोपळे आणि घुंगरं बांधायची, आणि होळीपुढे रात्रभर नाचायचं. पाच वर्षं सलग. एक वर्ष चुकलं तर देव कोपतो म्हणतात. त्याचा नवस आईच्या दुखण्यासाठी होता.

"कितला दिन?" मी विचारलं.

"आठ. पन साहेब बोलना व्हता, कागद लागस."

माझ्या हातातलं सूप थांबलं. अशी संधी देव एकदाच देतो, आणि कोणता देव देतो ते आपण विचारू नये. मी म्हटलं, "जामीन कोन शे? साहेब शे का मी? मी सांगस ना, जाय. मन्हा शब्द तोच कागद."

डोंगरातल्या लोकांच्या पंचांत असंच असतं. चूक करणाऱ्याचा जामीन जो होतो त्याचा शब्द सगळ्या गावाचा शब्द. त्यावर ना पाटील बोलत ना पुजारी. मात्र तो शब्द डोक्यावर हात ठेवून द्यावा लागतो. दलसिंगने डोकं पुढे केलं. "हात ठेव, माय."

डोंगरातले लोक कुणालाच अहो-जाहो करत नाहीत, साहेबालाही नाही. त्या "माय"मध्ये माया होती की नुसती रीत, ते मला कळलं नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस उन्हाने तापलेले होते. "जाय," मी म्हटलं.

तो गेला, आणि सोमवारी मी एकटीच शहाद्याला जाऊन जमादाराला सांगितलं की दलसिंग पळाला. जमादार हळहळला. "चांगल्या माणसाचं जग नाही, बाई."

आठव्या दिवशी भरदुपारी दलसिंग परत आला. स्वतःहून, पायी, गालांवर अजून राखेचे पांढरे ठिपके. गोठ्यात जाऊन त्याने बैलांना पाणी दाखवलं आणि रूपचंदच्या खोलीकडे निघाला. त्याच्या तपासाला आलेले दोन शिपाई ओट्यावर बसून माझा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवले आणि त्याला धरलं. तो झटापट करील असं वाटलं होतं. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं, गणित चुकलं की पोर पाटीकडे पाहतं तसं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच कोर्ट, तेच साहेब. रूपचंद माझ्यासोबत आला होता. दलसिंग म्हणाला, "हाई मायनी डोकावर हात ठेवा. बोलनी, जाय."

साहेबांनी मला विचारलं, "तापीबाई, तुम्ही परवानगी दिली होती का?"

"नाही," मी म्हटलं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

साहेब बराच वेळ कागद चाळत बसले. मग म्हणाले, "हा पळाला असता तर परत कशाला आला असता? अडाणी आहे, नियम कळला नाही. मी याला अजून एक संधी द्यायला तयार आहे. जामिनाची मुदत आजपासून नवं एक वर्ष. तापीबाई, तुमचं मन मोठं आहे. याला परत न्याल का?"

आणखी एक वर्ष! नाही म्हणावं तर माझं देवपण गळून पडणार, हो म्हणावं तर ती भीती पुन्हा घरात. मी तोंड उघडणार तोच दलसिंग बोलला.

"साहेब, माले जेल दे."

साहेब म्हणाले, "काय?"

"जेल दे. दोन वरीस दे. इना घर नको."

"अरे, तुरुंग म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुला?"

"जेलमा शिपाई ऱ्हास," दलसिंग म्हणाला. सावकाश, एकेक शब्द मोजून. "तो मन्हा वैरी नही. सांजले कुलूप लावस अन् आपला घर चालना जास. हाई माय झोपतच नही."

कोर्टात कुणीतरी हसलं, आणि मग हसणं अर्ध्यात थांबलं. साहेब माझ्याकडे बघू लागले. नथ्थू पाटील बघू लागला. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला कुणीतरी नीट बघत होतं, आणि मला पदर घ्यायचंही सुचलं नाही. साहेबांनी पुन्हा दोनदा समजावलं. तो मान हलवत राहिला. शेवटी त्यांनी दोन वर्षांऐवजी एकच वर्ष सक्तमजुरी लिहिली.

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघंच. गोमाईच्या पात्रात रूपचंदने डाव्या हाताने कासरा ओढला आणि गाडी थांबवली.

"माय, तूच त्याले जाय सांगं व्हतं ना? मी गोठामाच व्हतू. माले बठ्ठं आयकू उनं."

"मंग कोर्टमा काबर बोलना नही?" मी उसळून म्हटलं. मला वाटलं, कोर्टात गप्प हाही बसला, तर दोषही याच्याच गळ्यात घालावा.

"बोलतू तर पराणीनं बी बोलनं पडतं," तो म्हणाला. "तुन्हं खोटं, मन्हं खोटं. अन् जेलमा तो चालना."

तो खाली उतरला आणि वाळूतून शहाद्याकडे चालू लागला. मी हाका मारल्या. तुझी आई आहे मी, म्हटलं. तुझ्यासाठी केलं सगळं, म्हटलं. मग शिव्या दिल्या. त्याचं वाकडं मनगट चालताना मांडीवर आपटत होतं. तो थांबला नाही.

त्याने साहेबांपुढे सगळं सांगितलं. पराणी, चार दिवस घोटलेलं वाक्य, डोक्यावरचा हात. महिनाभरात दलसिंगची शिक्षा रद्द झाली. धुळ्याच्या तुरुंगातून सुटून तो डोंगरात गेला तो आमच्या गावावरून गेला नाही. मला वय झालेली विधवा म्हणून कडक समज देऊन सोडलं. त्या महिन्यात गावातल्या विहिरीवर मी गेले की बायकांच्या घागरी लवकर भरायला लागल्या.

रूपचंदवर खोट्या साक्षीचा खटला चालला. या वेळी साहेब दुसरे होते, वयस्कर, गुजरातेतले. रूपचंदने गुन्हा कबूल केला. साहेब म्हणाले, "मुलगा बावीस वर्षांचा आहे. पहिलाच गुन्हा, आणि स्वतःच्या पायाने येऊन कबूल केला आहे. हात असा. याला तुरुंगात पाठवावं असं मला वाटत नाही. एक वर्ष देखरेखीखाली राहू दे. गावातलं कोण जामीन राहतं?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी उभी होते. आयुष्यात एवढ्या खऱ्या मनाने मी कशासाठीही उभी राहिले नव्हते. "मी साहेब. मी त्याची आई."

साहेबांनी समोरची फाईल उघडली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. "आपण तापीबाई?"

"हो."

"आपण बसा," ते म्हणाले. रागाने नाही. मग माझ्यावरून नजर काढून मागच्या बाकांकडे बघत विचारलं, "यांच्याशिवाय दुसरं कुणी?"

मागे नथ्थू पाटील होता, भाऊबंद होते. ज्याने माझे पाय धरले होते तो आपल्या वहाणांकडे बघत होता. कुणालाच माझ्या घराशी वर्षभर बांधून घ्यायचं नव्हतं. साहेबांनी पुन्हा विचारलं. मी उभीच होते, हात जोडून, की निदान मला तरी घ्या. पण मी त्यांना दिसतच नव्हते. शेवटी शिपायाने येऊन मला खांद्याला धरून बाकावर बसवलं, आणि रूपचंदला सहा महिन्यांसाठी धुळ्याला नेलं.